कलम तीन : दुपारचं जेवण

नाही, मी काय म्हणतो, भिंत घालायची तर भिंत घाला ना! विटांची घाला, वर गिलावा करा, पाहिजे तर आत गोणपाट कोंबा, आमचं काही म्हणणं नाही… पण हे प्लायवूड कसलं हो? दुकानाच्या मधोमध, पुढच्या शटरपासून मागच्या मोरीपर्यंत, एक सरळसोट प्लायवूड! आणि तुम्हाला सांगतो, या प्लायवूडचा गुण असा, की त्यातून पलीकडचा खोकला येतो, शिंक येते, एसीची घरघर येते, मोबाईलवरचं कीर्तन येतं… सगळं येतं, माणूस तेवढा येत नाही.

खोकला कुणाचा म्हणाल, तर जोतीरामचा. बत्तीस वर्षांपासूनचा माझा भागीदार. मी प्रभुलिंग, तो जोतीराम, आणि भवानी पेठेत आमचं दुकान ‘जोतीलिंग वस्त्र भांडार’. त्याच्यातला जोती, माझ्यातलं लिंग. लोकांना वाटायचं आम्ही दोघं लई धार्मिक. काही म्हाताऱ्या तर पाटीला हात जोडून पुढं जायच्या. आता टॉवेल-टोपीच्या दुकानाला कुणी नमस्कार करत असेल तर आपण कशाला अडवायचं? टॉवेल, टोपी, ब्लाउजपीस, सत्काराची शाल, म्हणजे थोडक्यात सोलापूर जिल्ह्यात कुणाचंही लग्न लागलं की आहेराचा गठ्ठा आमच्याकडून गेला म्हणून समजा.

आता तुम्ही विचारणार, भांडण झालं का. सगळे हेच विचारतात. आणि हीच तर पंचाईत आहे, भांडण झालंच नाही! भांडण असतं तर मध्ये पडायला चार माणसं मिळाली असती, दोन शिव्या त्यानं दिल्या असत्या, दोन मी दिल्या असत्या, तिसऱ्या दिवशी चहा झाला असता. इथं सगळं गोडीगुलाबीनं झालं हो. जोतीरामचा अभिमन्यू पुण्याहून शिकून आला आणि म्हणाला, “काका, आता माल नाही विकत कुणी, आता ब्रँड विकतात.” माझा मल्लेश पुण्यातच कॉम्प्युटरवर बसतो, त्याच्या लेखी टॉवेल म्हणजे आंघोळीनंतरची वस्तू, तो काही दुकानात येणार नाही. मग ठरलं, दोन भाग करायचे. हसत हसत ठरलं. रॅक वाटले, शिडी वाटली, शिवणयंत्र त्याला गेलं, जुनी पाटी मला आली. दिवाळीचा पाडवा झाला आणि प्लायवूड उभं राहिलं. त्याच्या बाजूला काच, एसी, इंग्रजी पाटी. आणि अभिमन्यूनं पहिला नियम काय केला? शोरूममध्ये जेवायचं नाही. लसणाचा वास कपड्यात बसतो म्हणे. मग जोतीराम दीडला स्कूटरला किक मारून घरी जायला लागला जेवायला, आणि मी इकडं प्लायवूडसमोर डबा उघडून एकटा.

माझा प्रश्न एकदम साधा आहे. लिहिलेलं पाळायचं असतं, का नुसतं वाचायचं असतं?

कुठं लिहिलंय? थांबा, सांगतो, पहिल्यापासून सांगतो.

आम्ही दोघं आधी एका मोठ्या कापडाच्या पेढीवर नोकर होतो. बारा वर्षं. तिथं रिवाज असा, की दोन नोकरांनी एका वेळी जेवायचं नाही. एकानं गोदामात गठ्ठ्यांच्या आड उभं राहून दहा मिनिटांत भाकरी गिळायची, मग तो बाहेर, दुसरा आत. बसायचं नाही. मालक म्हणायचे, “दोन नोकर एका डब्याला बसले, की तिसरं दुकान निघतं.” आता बघा, बारा वर्षं त्यांनी आम्हाला एकत्र जेवू दिलं नाही आणि तरीही तिसरं दुकान निघालंच, म्हणजे त्यांचं म्हणणं तसं खोटं नव्हतं, फक्त उपाय चुकला. पण बारा वर्षं, तुम्हाला सांगतो, पलीकडून दुसऱ्याचा चावण्याचा आवाज ऐकत आपण गिऱ्हाइकाला धोतरजोडी दाखवायची… हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल.

तर सव्वीस जानेवारी एकोणीसशे त्र्याण्णव. सव्वीस जानेवारीच का? कारण मालकाची पेढी वर्षातून ज्या दोन-चार दिवशी बंद असायची त्यातला तो एक. आम्ही हुतात्मा बागेत बसलो. जोतीरामच्या हातात एका पतसंस्थेचं कॅलेंडर, त्याच्यावर संविधानाची उद्देशिका छापलेली. ‘आम्ही, भारताचे लोक’ म्हणून सुरू होते ती. जोतीराम म्हणाला, “परभू, ह्येंनी एवढा मोठा देश काढला तर आदी कागद केला. आपन दुकान काढतोय, आपन बी करू की.” त्याचं अक्षर मोत्यासारखं, आणि माझी जीभ तुम्ही ऐकताच आहात. मी सांगत गेलो, त्यानं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. ‘आम्ही, सोलापूरचे दोन नोकर, आजपासून आपले आपण मालक होण्याचा निर्धार करून, पुढील कलमे मान्य करीत आहोत.’ हसू नका! आम्हाला तेव्हा अंगावर काटा आला होता.

कलम एक, कुणीही कुणाला मालक म्हणणार नाही. कलम दोन, गिऱ्हाइकासमोर एकमेकाला खोटं पाडायचं नाही. कलम तीन, दुपारचं जेवण दोन वाजता दोघांनी एकत्र, बसून करायचं; एक जण नसेल तर दुसऱ्यानं थांबायचं. कलम चार, डब्यात दोघांना चालेल तेच आणायचं. बस. चारच कलमं. मी नंतर लई विचार केला यावर. माणूस घटना कशावर लिहितो? जिथं पोळलेलं असतं त्यावर लिहितो. आमची उपासमार झाली नव्हती, आम्हाला एकटं जेवायला लावलं होतं.

दोघांनी सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी भागीदारीचा करार करायला वकिलाकडं गेलो तर त्यांनी आमचा कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, “हे पान राहू दे तुमच्याकडं. याची गरज नाही.” त्यांनी स्वतःचा अकरा पानी करार केला. त्या अकरा पानांत तुम्हाला सांगतो, जेवण हा शब्द नाही.

आणि गंमत बघा. त्या अकरा पानांतलं एक अक्षर आम्हाला कधी आठवलं नाही, आणि हे बिनशिक्क्याचं पान आम्ही एकतीस वर्षं पाळलं. कोर्ट नाही, पोलीस नाही. एकदा जोतीराम साडूच्या पोरीच्या लग्नाला कुर्डुवाडीला गेलेला, म्हणाला दुपारच्या गाडीनं येतो, आणि गाडी रखडली. मी थांबलो. तीन वाजले, चार वाजले. पाच वाजता तो आला तर माझा डबा तसाच. तो म्हणाला, “मी लग्नात जेवलोय की रं.” आणि मग बसला, दुसऱ्यांदा जेवला! का? कलम तीन. आणि कलम चारचं काय सांगू, तो मंद्रूपकडचा मराठा, घरी रविवारी मटण, सोमवारी उरलेला रस्सा. एकतीस वर्षांत एकाही सोमवारी त्यानं तो रस्सा दुकानात आणला नाही. “दुकानाची पायरी चढलो की माजं पोट लिंगायत व्हतं,” म्हणायचा. माझ्याकडून तो कानडी शिकला तेही एकच वाक्य, “ऊटा आतेनो?” म्हणजे जेवण झालं का. हे वाक्य तो बँकेच्या मॅनेजरलाही विचारायचा.

तीन वर्षांपूर्वी आमची गुरम्मा, म्हणजे माझी बायको, गेली. मी आठवड्यानं दुकानात आलो. दोन वाजले. मला भानच नाही, की आता आपला डबा येणार कुठून. जोतीरामनं पिशवीतून दोन डबे काढले. बजाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, दोन भरून दिलेले. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. झाकण उघडून एक माझ्यापुढं सरकवला. तेव्हापासून पाडव्यापर्यंत रोज दोन डबे आले. आता हे कुठल्या कलमात होतं? कुठल्याच नाही… असो. आता मेसचा डबा येतो. त्यातली भाकरी मऊ असते. सोलापुरात मऊ भाकरी! पण दोन वाजता मी लगेच उघडत नाही तो डबा. अडीचपर्यंत थांबतो. कलमात थांबायचं लिहिलंय.

माझा प्रश्न साधा आहे हो.

तर नोव्हेंबरात आमच्या व्यापारी मंडळानं संविधान दिन केला. पंच्याहत्तर वर्षं झाली म्हणून मोठा केला. सगळ्यांनी उभं राहून उद्देशिका वाचायची होती. वाचली. मी मोठ्यानं वाचली. आणि वाचताना माझी नजर सभागृहात फिरली, तिसऱ्या रांगेत जोतीराम, तोही वाचतोय, ओठ हलतायत, आणि मधेच माझ्याकडं बघून त्यानं नजर खाली केली. मला वाटलं त्याला कॅलेंडर आठवलं. कदाचित नुसता घसा खवखवला असेल. मग मी चिटणिसांना हळूच विचारलं, “हे आत्ता आपण सगळ्यांनी निर्धार केला म्हणालो, तो आपल्यावर बंधनकारक झाला का?” ते म्हणाले, “अण्णा, ते तसं म्हणायचं असतं.”

ते तसं म्हणायचं असतं! हे वाक्य मी धंद्यात आयुष्यभर ऐकलंय. लग्नपत्रिकेवर छापलेलं असतं ना, ‘कृपया आहेर आणू नये’? आमच्या धंद्याच्या मुळावर उठलेलं वाक्य! पण माणसं तीच पत्रिका हातात घेऊन माझ्याकडं येतात आणि टॉवेल-टोपी बांधून घेतात. मी प्रामाणिक माणूस, मी दाखवतो, की अहो यात तर आणू नये लिहिलंय. तर म्हणतात, “ते तसं लिहायचं असतं.” आणि याच्या उलट माझ्या दुकानातली पाटी बघा, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. तीस वर्षं लोक ती पाटी बघून खराब निघालेला टॉवेलसुद्धा परत आणत नव्हते.

तर त्या कार्यक्रमाला पाहुण्या म्हणून वकील दाक्षायणी मॅडम आलेल्या. चांगल्या बोलल्या. शेवटी प्रश्न विचारा म्हणाल्या, तर मी हात वर केला. आमचा अध्यक्ष खाली बसून माझं धोतर ओढतोय, तरी विचारलं. “मॅडम, या उद्देशिकेवर केस लावता येते का?” मॅडम हसल्या नाहीत, हे मी त्यांचं मोठेपण मानतो. म्हणाल्या, आधी एकदा सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं, की हा संविधानाचा भागच नाही. मग त्र्याहत्तर साली सांगितलं, की भाग आहे. पण तेवढ्या एकट्या पानावर उभं राहून तुम्ही कुणाकडून काही मागून घेऊ शकत नाही. बाकीची कलमं वाचताना त्या पानाचा उजेड घ्यायचा. आणि पुढं मार्गदर्शक तत्त्वं म्हणून एक आख्खा भाग आहे, लोकांचं पोषण, कामाची माणुसकीची परिस्थिती, असं सगळं त्यात लिहिलंय, आणि त्याच्या तोंडालाच सांगून ठेवलंय, की हे कोर्टात जाऊन मागता येणार नाही. पण देश चालवायचा पाया हाच आहे. आता तुम्हीच सांगा, पाया आहे, पण पायावर हक्क नाही! मी जाता जाता माझ्या पाटीचंही विचारून घेतलं. तर म्हणाल्या, “अण्णा, त्या पाटीला कायद्यात काडीचा आधार नाही. काढून टाका.” म्हणजे ज्याला आधार नाही ते लोक पाळतात, आणि ज्याच्यावर देश उभा आहे त्याला म्हणतात ते तसं लिहायचं असतं.

मी गेलो त्यांच्या ऑफिसात. आमचं पान घेऊन गेलो. लॅमिनेशन करून ठेवलंय मी, सिद्धेश्वरांच्या फोटोमागं असतं. मॅडमनी वाचलं. दोनदा वाचलं. म्हणाल्या, “कायद्यानं शून्य.” मी म्हणालो, थांबा. दुकान वेगळं झालं तेव्हा जो कागद झाला, त्यात काय काय मोडलं त्याची यादी आहे. करार मोडला, रॅक वाटले, शिडीसुद्धा लिहिलीय. हे पान त्यात नाही. मग जे कायद्यानं कधी बांधलंच नव्हतं, ते कायदा सोडवणार कसं? ते आहे तसंच चालू आहे की नाही? मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “अण्णा, तुम्ही माझ्या आधी वकील व्हायला पाहिजे होतं. पण तरी सांगते. कोर्ट जोतीरामांना तुमच्यासमोर उभं करू शकेल. जेवायला बसवू शकणार नाही.”

मग माझं तोंड बघून त्यांना वाईट वाटलं असावं. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाल्या, नैतिक बंधन म्हणजे काही फुकाची गोष्ट नाही. पन्नास साली लिहून ठेवलं होतं, की चौदा वर्षांपर्यंतच्या पोरांना मोफत शिक्षण देऊ, दहा वर्षांत देऊ. कोर्टात मागता येत नव्हतं. पण लिहिलेलं होतं ना, ते टोचत राहिलं, टोचत राहिलं, आणि पन्नास वर्षांनी का होईना त्याचा हक्क झाला. म्हणून लिहून ठेवलेलं वाया जात नाही. मी चहा संपवला आणि म्हणालो, “मॅडम, मी चौसष्ट वर्षांचा आहे.”

आता इथं माझी चूक झाली. कबूल करतो. व्यापारी माणसाची जात अशी, की तोंडानं दहा गोष्टी मागेल, पण मनातली एक मागायची वेळ आली की त्याला कागद लागतो. मला त्या टोचण्याचा भरवसा वाटेना. मी घरी बसून फुलस्केपवर लिहिलं, ‘श्री. जोतीराम यांस, सदर दिनांकाच्या कागदातील कलम तीनचा आपणाकडून पाडव्यापासून भंग होत असून, तरी आपण पंधरा दिवसांचे आत…’ असं सगळं. ही भाषा मला कुठून आली? बँकांच्या पत्रांतून. तीस वर्षं ती वाचतोय, तेवढीच एक भाषा मला लिहिता येते. आणि ते रजिस्टर एडीनं पाठवलं. शेजारच्या दुकानात! पोस्टमन पाकीट घेऊन माझ्या दारावरून गेला, पाठवणाऱ्याचं नाव वाचून परत माझ्याकडं आला आणि म्हणाला, “अण्णा, हात लांब केला असता तर पोचलं असतं की.”

आणि नशीब बघा. जोतीराम स्कूटरवरून घरी जेवायला गेलेला, सही करून पाकीट घेतलं अभिमन्यूनं. पोरगं घाबरलं. आता इंग्रजी पाटी लावलेल्या माणसाला रजिस्टर पाकीट आलं की तो उघडून वाचत नाही हो, तो डायरेक्ट वकिलाकडं जातो. आठव्या दिवशी मला त्याच पोस्टमनच्या हातून उत्तर आलं. त्यानं ते माझ्या हातात देताना नुसती मान हलवली. टाईप केलेलं. पाठ आहे मला. ‘आमचे अशील श्री. जोतीराम यांचे सूचनेवरून तुम्हांस कळविण्यात येते की, तुम्ही उल्लेख केलेला तथाकथित कागद आमचे अशिलास मान्य व कबूल नाही. दुपारचे भोजनाबाबत आमचे अशिलावर कोणतेही कायदेशीर बंधन नाही. यापुढे असा मजकूर पाठविल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी तुमचेवर राहील.’

बंधन नाही म्हणाले, ते मी सोसलं असतं. ते मॅडमनी सांगितलंच होतं. पण तथाकथित? मान्य व कबूल नाही? म्हणजे हुतात्मा बाग नाही, कॅलेंडर नाही, ते दोनदा जेवलेलं जेवण नाही, ते दोन डबे नाहीत… त्या दिवशी मी अडीचपर्यंत थांबलो नाही. जेवलोही नाही. डबा तसाच मेसला परत गेला. त्यांचा फोन आला, अण्णा चव बिघडली का.

मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “नोटीस पाठवा असं मी म्हणाले होते का अण्णा?” नव्हत्या म्हणाल्या.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुपारी दीडला स्कूटरचा आवाज आला नाही. मी म्हटलं आज घरी गेला नाही वाटतं. पावणेदोनला माझ्या दारात जोतीराम. पाडव्यानंतर पहिल्यांदा. हातात दोन्ही कागद. माझा फुलस्केप आणि त्याच्या वकिलाच्या उत्तराची नक्कल. बजाबाईला अभिमन्यूच्या बॅगेत सापडले, तिनं वाचून याच्या हातात ठेवले. म्हणजे तोवर या माणसाला पत्ताच नव्हता!

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “पण उत्तरावर सही तुझीच आहे.” बघा, तीन महिन्यांनी माणूस दारात आला आणि मी त्याला सही दाखवतोय.

तो म्हणाला, “पोरगं म्हनलं हितं सही करा, केली. मी कवा वाचून सही करतोय? जल्मात एकाच कागदावर वाचून सही केल्याली हाय मी.”

तो दारातच उभा.

“ह्यो कागद खरा न्हाय असं मी म्हनलो न्हाय. कदी म्हननार बी न्हाय. पर परभू… रजिस्टर? मला?” त्याला खोकला आला, आणि तो खोकला मी पहिल्यांदाच प्लायवूडशिवाय ऐकला. “तितं मी घरी एकला जेवतोय. बजाबाई वाढती आन् मी एकला जेवतोय. हाक मारली असतीस तर आलो न्हवतो का मी? एक हाक.”

तुम्हाला सांगतो, चौसष्ट वर्षांत माझा इतका सोपा हिशोब चुकलेला कुणी दाखवला नव्हता. हाक! मला हाक सुचलीच नाही हो. मी घटना वाचली, वकील गाठला, पोस्टाची तिकिटं लावली, आणि हाक… आणि मला आता वाटतं, मी ती मारली नाही कारण हाक मारून तो आला नसता तर? कागद नाकारला तर वकिलाला दोष देता येतो. हाक नाकारली तर कुणाला देणार?

हे मी त्याला तेव्हा सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. मी म्हणालो, “बस ना.” तो म्हणाला, “न्हाय. आता कागदानं बोलावलंयस, तर कागदात हाय तसं येतो. दोनाला.” आणि गेला. पंधरा मिनिटांनी, दोनच्या ठोक्याला, डबा घेऊन आला.

तेव्हापासून रोज येतो. बघा, काय जोर आहे कागदात! अभिमन्यूला काय सांगितलं कुणास ठाऊक, पण येतो. दोनला येतो, बसतो, दोघांना चालेल तेच आणलेलं असतं, कलम चार. एका भाकरीचा अर्धा तुकडा माझ्या डब्यात ठेवतो, कडक भाकरीचा. मी एखादा मिनिट उशिरा हात धुतला तर तो थांबतो, कलम तीनचा उत्तरार्ध. जेवतो. अडीचला उठतो. आणि या अर्ध्या तासात, तुम्हाला सांगतो, एक शब्द नाही. ऊटा आतेनो नाही. मी म्हणतो, “आज गरम आहे.” तो भाकरी मोडतो. मी म्हणतो, “बजाबाईची चटणी पूर्वीसारखी तिखट राहिली नाही.” आता या वाक्यावर एरवी त्यानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. तो ताक ओततो. मंडळाचे चिटणीस एकदा डोकावले, आम्हाला दोघांना जेवताना बघितलं आणि म्हणाले, “वा, मिटलं म्हणायचं!” आम्ही दोघांनी माना हलवल्या. गिऱ्हाइकासमोर एकमेकाला खोटं पाडायचं नाही.

मी परत गेलो मॅडमकडं. म्हणालो, येतो. त्या म्हणाल्या, “मग जिंकलात की अण्णा.” मी म्हणालो, “बोलत नाही.” त्यांनी पान परत मागून घेतलं, वाचलं, आणि म्हणाल्या, “यात बोलायचं कुठं लिहिलंय?”

नाही लिहिलेलं. कसं लिहिणार? तेव्हा आम्ही दोघं एवढे बोलायचो, की मालकानं आम्हाला दोन टोकांच्या काउंटरला उभं केलं होतं. ज्याचा तुटवडा नाही त्याचं कलम कोण करतो?

पण घटनेत याची सोय आहे, मी वाचलंय. काही राहून गेलं तर दुरुस्ती करता येते, आपल्या देशानं शंभराच्या वर केल्यात. मीसुद्धा मसुदा तयार केलाय. एकच ओळ. ‘कलम तीनमध्ये, जेवताना बोलायचे, ही दुरुस्ती करण्यात येत आहे.’ बँकेची भाषा अजून सुटत नाही, काय करू. तो मसुदा दीड महिना माझ्या वरच्या खिशात आहे. पण दुरुस्ती म्हटली की दोघांच्या सह्या आल्या, सही घ्यायची तर कागद पुढं करावा लागतो, आणि आता आणखी एक कागद त्याच्यापुढं धरायचा माझा धीर होत नाही… मग म्हटलं कागदाशिवाय, तोंडानंच विचारावं. तोंडानं विचारायचं म्हणजे बोलायचं आलं, आणि मी बोललो तरी तो बोलत नाही, त्यासाठीच तर दुरुस्ती पाहिजे. रोज तो समोर बसलेला असतो हो, हातभर अंतरावर. मी खिसा चाचपतो. तो डब्याचं झाकण लावतो, उपरण्यानं तोंड पुसतो, घड्याळ बघतो. अडीच.

तेव्हा तूर्त असं आहे… दुरुस्ती विचाराधीन आहे.